लेब्लेबी गेला

मुअल्लाला अख्खं असं काही कधी मिळालंच नव्हतं. पाच बहिणींतली ती तिसरी. थोरल्या दोघींनी झिजवलेला कोट तिच्याकडे यायचा, आणि तो तिच्या अंगात नीट बसायला लागतो न लागतो तोवर चौथीला द्यायची वेळ व्हायची. गादी तिघींत एक. लग्न झालं ते नेवझातशी, मालवाहू जहाजावरच्या आचाऱ्याशी. तो वर्षातले सात महिने समुद्रावर. उरलेल्या पाचांवर त्याची आई, त्याचे मित्र आणि त्याची झोप टपलेली. तो घरी आला की मुअल्ला आधी त्याचा कोट हुंगायची. कसलाच वास आला नाही तरी दोन दिवस फुरंगटून बसायची. एवढा धुतला कशाला म्हणून!

नेवझातला जाऊन आठ वर्षं झाली. मुलगी इनजी लग्न करून अंकाराला गेली आणि सासूला, शुकरान हानमला, म्हणजे शुकरानबाईंना, 'आई' म्हणायला लागली. सासूला सगळ्याच म्हणतात. पण फोनवर इनजी बोलता बोलता "आई म्हणाली की…" असं म्हणून गेली, की मुअल्लाच्या छातीत टाचणी टोचायची. कुठली आई, हे तिला विचारावं लागायचं.

इस्तंबूलच्या सामात्या भागातल्या उताराच्या गल्लीत तिचं दुकान होतं. पँटची उंची कमी करायची, चेन बदलायची, कोटाला नवं अस्तर घालायचं, अशी कामं. वरच्या मजल्यावर घर. साऱ्या शहरासारखी तिच्या गल्लीतही माणसांपेक्षा मांजरं जास्त. दारोदारी पाण्याचं भांडं, मासळीवाल्याकडून माशांची डोकी, हिवाळ्यात त्यांना निजायला थर्माकोलची खोकी. मुअल्ला मात्र कधी कुणाला शेपटीभर मासाही घालत नसे. "जे सगळ्यांचं, ते माझ्या काय कामाचं?" असं ती चहावाल्या रुस्तेमला म्हणायची.

मग एका जानेवारीत, बर्फ पडून गेल्यावर, तिला शिलाई मशीनच्या खालच्या खणात कापडाच्या कातरणांत एक पिल्लू सापडलं. मुठीएवढं, पिवळट, एक डोळा चिपडानं बंद झालेला. दार उघडं कधी राहिलं कोण जाणे. ते बाहेरच्या कुठल्याच भांड्याकडे गेलं नव्हतं, रुस्तेमच्या शेगडीकडे गेलं नव्हतं. तिच्याकडे आलं होतं. तिनं त्याला स्वेटरमध्ये घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे, बेर्रिन हानमकडे, नेलं. त्यांनी डोळा पुसता पुसता विचारलं, "रस्त्यावरचं का?"

"माझं," मुअल्ला म्हणाली.

रंग फुटाण्यासारखा, म्हणून नाव लेब्लेबी. फुटाण्यालाच तिकडे लेब्लेबी म्हणतात.

मांजर माझं म्हणणं सोपं, ते निभावणं महागात पडतं. डोळ्याचे थेंब झाले, लशी झाल्या, सहाव्या महिन्यात नसबंदी झाली. वरच्या मजल्यावरून पडू नये म्हणून खिडक्यांना जाळ्या बसवल्या. शी-शूसाठी पोत्यानं वाळू, पोत्यानं खाणं. त्या वर्षी बुर्साच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जायचं तिचं राहिलं, पुढच्या वर्षीही राहिलं. गिऱ्हाइकांच्या काळ्या कोटांवरचे केस चिकटपट्टीनं काढता काढता बोटं दुखायची. रोज सकाळी गुडघ्यावर बसून वाळू चाळायची, आणि वर्षानुवर्षं कुरकुरणारे ते गुडघे त्या कामाला मात्र काही म्हणायचे नाहीत. कारण त्याआधी पहाटे लेब्लेबी तिच्या मानेवर येऊन आडवा झालेला असायचा, आणि त्याची घरघर तिच्या हाडांत उतरलेली असायची. दिवसा तो दुकानाच्या काचेत बसायचा. लोक थांबून बघायचे. मुअल्ला तोंडात टाचण्या धरून, मान वर न करता, ते बघणं मोजायची. कुणी आत येऊन हात लावायला गेलं की म्हणायची, "त्याला आवडत नाही." त्याला आवडायचं. तिला नाही आवडायचं.

अशी तीन वर्षं गेली. तिच्या हिशेबानं आयुष्यातली सगळ्यात चांगली.

चौथ्या वर्षी समोरच्या घरात बेलकिस हानम राहायला आली. पोस्टातून निवृत्त झालेली, एकटी, उंच, पांढरे केस आखूड कापलेले. रस्त्यापासून हातभर उंचीवर तिचा सज्जा. तिथं वेताची खुर्ची टाकून ती दुपारभर शब्दकोडी सोडवायची. पहिल्याच आठवड्यात तिनं दुकानात येऊन पडदे शिवायला टाकले, काचेतल्या लेब्लेबीकडे पाहिलं आणि म्हणाली, "काय रुबाब आहे! अगदी पाशा!"

मुअल्लानं पडद्यांची लांबी विचारली.

महिन्याभरात लेब्लेबीच्या वागण्यात फरक पडला. गिऱ्हाइकानं दार उघडलं की पायातून सटकायचा आणि तास-दोन तासांनी परतायचा. वाटीतलं खाणं वास घेऊन सोडून द्यायचा, तरी पोट मात्र गोल होत चाललेलं. एकदा तिनं त्याला उचलून मानेला नाक लावलं. ऑलिव्हच्या साबणाचा वास आला. तिच्या घरात तो साबण नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं दुकानाला कुलूप घातलं आणि समोरच्या वळणावर भाजीवाल्याच्या पेट्यांआड उभी राहिली. सज्ज्यावर, वेताच्या खुर्चीत, बेलकिसच्या मांडीवर लेब्लेबी उताणा पडला होता. चारी पाय हवेत, पोट उघडं. बेलकिस एका हातानं कोडं लिहीत होती, दुसऱ्या हाताची बोटं त्या पोटावर. मुअल्लाला त्यानं तीन वर्षांत पोटाला हात लावू दिला नव्हता. तिनं लावला की पंजा मारायचा. ती समजायची, मांजराची जात, असंच असतं.

तिचे कान तापले. ती सरळ सज्ज्याखाली जाऊन उभी राहिली.

"बेलकिस हानम, हे माझं मांजर आहे."

"हो, माहीत आहे की! बसा ना, चहा टाकते."

"चहा नको. तुम्ही त्याला काय चारता?"

"कोंबडीचं काळीज-बिळीज, उकडून. कधी थोडी बांगड्याची शेपटी. तो येतो हो, मी काय त्याला हाका मारते?"

"पाशा म्हणून मारता. ऐकलंय मी."

बेलकिस हसली. "मग येतो तरी कसा? नाव तर लेब्लेबी ना त्याचं?"

ते हसणं मुअल्लाला झोंबलं. "लशी मी द्यायच्या, वाळू मी उपसायची, आणि पोट तुम्ही खाजवायचं! असलं चारून मारून टाकाल त्याला एक दिवस. मग मला सांगायला येऊ नका."

रस्त्यापलीकडून रुस्तेम ओरडला, "मुअल्लाताई, अगं मांजर आहे ते! नवरा पळाल्यासारखी काय भांडतेस?"

गल्ली हसली. मुअल्ला बोक्याला काखेत मारून घरी आली. त्या दिवसापासून लेब्लेबीला दुकान बंद, रस्ता बंद, समोरची खिडकीही बंद. तिकडचा पडदाच तिनं खाली शिवून टाकला. तो जिन्याच्या दाराशी बसून ओरडायचा. "ओरड," ती खालून म्हणायची, "ओरडून ओरडून विसरशील."

बारा दिवस तो ओरडला. तेराव्या दिवशी गप्प झाला, आणि मुअल्लाला बरं वाटलं. संध्याकाळी वर जाऊन पाहते तर तो वाळूत बसलेला. उठला, दोन पावलं गेला, परत येऊन बसला. जोर करत होता. वाळू कोरडीच. तिनं पोटाखाली हात घातला तर आत लिंबाएवढा घट्ट गोळा, आणि तो किंचाळला. तिनं त्याला टोपलीत घातलं आणि दवाखाना गाठला.

बेर्रिन हानमनी त्याला गुंगी देऊन नळी घातली. लघवीत रक्त होतं. "बोक्यांचं असं होतं," त्या म्हणाल्या. "वाट तुंबते. उद्यावर गेलं असतं तर हाती लागला नसता."

"समोरची बाई काळीज चारते त्याला. तिनंच केलं हे."

"खाण्यानंही होतं. पाणी कमी पिण्यानं होतं. एकदम कोंडून घातलं, मनाला लागलं, की त्यानंही होतं. घरात काही बदल झालाय का एवढ्यात?"

"नाही," मुअल्ला म्हणाली.

लेब्लेबीला तीन दिवस दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुअल्ला त्याला बघून परत येत होती. डोळे सुजलेले, हातात रिकामी टोपली. बेलकिस सज्ज्यावरून वाकली.

"मुअल्ला हानम, रागावू नका, पण पाशा खिडकीतसुद्धा दिसत नाही. बरा आहे ना?"

"गेला," मुअल्ला म्हणाली.

दवाखान्यात गेला, असं तिला म्हणायचं होतं. निदान नंतर ती स्वतःला तसं सांगायची. पण बेलकिसचा चेहरा उतरला, हात कठड्यावर घट्ट झाला. ते पाहून मुअल्लाच्या आत कुठेतरी गारवा पसरला, उन्हातून आल्यावर पाणी प्यावं तसा.

"कधी?"

"काल रात्री."

"काय झालं होतं?"

"तुंबला. खाण्यानं होतं, डॉक्टर म्हणाल्या."

एवढं बोलून ती आत गेली आणि दार लावलं.

तिसऱ्या दिवशी तिनं लेब्लेबीला मागच्या गल्लीतून, टोपलीवर शाल टाकून घरात आणलं. अंग चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कर्णा, पुढचा पाय सुईसाठी भादरलेला. सकाळ-संध्याकाळ गोळी, ओलं खाणं, आणि दिवसातून किती वेळा लघवी करतो यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष. ती त्याला मागच्या खोलीत ठेवून खाली आली, तर दुकानाच्या दारात बेलकिस उभी. हातात झाकलेलं ताट.

"रव्याचा हलवा आहे," ती म्हणाली. "माणसाचाच करतात, माहीत आहे मला. लोक हसतील. पण मला राहवेना."

कुणी गेलं की तिथं रवा तुपात भाजून, साखर घालून हलवा करतात आणि शेजारीपाजारी वाटतात. बेलकिसनं पंधरा घरी वाटला होता. वर चिलगोजे पेरलेले.

"एक घास तरी घ्या. त्याच्या नावानं."

मुअल्लानं घास घेतला. डोक्यावर, लाकडी छतापलीकडे, प्लास्टिकचा कर्णा भिंतीला घासल्याचा खरखर आवाज आला. तिनं मशीनचं पायडल दाबलं. मशीनखाली कापड नव्हतं, तरी दाबलं.

"तुम्ही म्हणाला होतात मला," बेलकिस म्हणाली. "मारून टाकाल म्हणाला होतात. मी हसले. रोज सकाळी उठल्यावर तेच आठवतं. काळीज मीच उकडत होते ना. माझ्याच हातचं खाऊन गेला का हो तो?"

मुअल्लानं आणखी एक घास तोंडात भरला, म्हणजे उत्तर द्यायला नको.

मग रुस्तेम आला, चहा ठेवला, पैसे घेतले नाहीत, आणि कुणी गेल्यावर तिकडे म्हणतात तसं म्हणाला, "तुझं डोकं सलामत राहो ताई. मी त्या दिवशी बोललो ते मनावर घेऊ नकोस." भाजीवाल्याची बायको आली, रडली. आठवडाभर येणारी-जाणारी माणसं जिवंत मांजराचं दुःख वाटून घेत होती, आणि वर ते मांजर कर्ण्यातून पाणी पीत होतं.

पण लेब्लेबी आता तिचा होता, अख्खा. ती तळहातावर खाणं धरायची, तो खायचा. गोळी लोण्यात लपवायची, तो लोणी चाटून गोळी बाहेर टाकायचा, ती पुन्हा घालायची. वाळूत लघवीचा ओला गोळा दिसला की तिला नोट सापडल्यासारखा आनंद व्हायचा. आणि रोज दुपारी, बरोबर एकाच वेळी, तो शिवलेल्या पडद्यापाशी जाऊन बसायचा, कापडाकडे तोंड करून. समोरच्या सज्ज्यावरची वेताची खुर्ची आत गेली होती. बेलकिस आता बाहेर बसत नसे. मुअल्लाला हे दोन्ही दिसत होतं, आणि गारवा कधीच संपला होता. पण खरं सांगायचं तर रोज उशीर होत होता. पहिल्या दिवशी एका वाक्यात सुटलं असतं. हलव्यानंतर एका वाक्यात सुटणारं उरलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात इनजीचा फोन आला. बाळ तीन आठवडे आधीच झालं होतं. मुलगा. आणि शुकरान हानम न्हाणीघरात घसरून मनगट मोडून बसली होती.

"आई, तू ये. मला तूच हवीस. आजच निघ."

हे वाक्य ऐकायला मुअल्ला इनजीच्या लग्नापासून सहा वर्षं थांबली होती. तिनं फोन ठेवला, कपाटावरची बॅग काढली, आणि बॅगेत लेब्लेबी जाऊन बसला.

तिनं बेर्रिन हानमना विचारलं. "पिंजऱ्यात ठेवून घेईन," त्या म्हणाल्या, "पण खरं सांगू? परक्या जागी, कुत्र्यांच्या भुंकण्यात, हा परत तुंबेल. त्याला ओळखीचं माणूस हवं. कुणी आहे का?"

होतं एकच.

बस संध्याकाळची होती. दुपारी दोनला मुअल्लानं रस्ता ओलांडला. बेलकिस स्वयंपाकघरात कांद्याची पात चिरत होती. मुअल्ला उंबऱ्यातच उभी राहिली.

"तो जिवंत आहे."

"कोण?"

"लेब्लेबी. मेला नाही. माझ्या मागच्या खोलीत आहे. तुंबला होता हे खरं, पण वाचला. मी खोटं बोलले."

बेलकिसनं सुरी खाली ठेवली. टेबलाला धरून हळूच खुर्चीवर बसली.

"मी हलवा केला त्याचा."

"हो."

"तू खाल्लास. माझ्यासमोर बसून खाल्लास." ती आता 'तुम्ही' म्हणत नव्हती. "मी महिनाभर रोज रात्री दिवा लावून बसते. मला वाटतं, मी एका जिवाला मारलं. तुला दिसत होतं ना हे, समोरून?"

"दिसत होतं."

"कशासाठी?"

मुअल्लाकडे उत्तर होतं, पण ते इतकं लहान होतं की सांगायची लाज वाटली. "तुझ्यापुढे तो पोट उघडं टाकून झोपतो," ती शेवटी म्हणाली. "माझ्यापुढे कधीच नाही."

बेलकिसनं तिच्याकडे पाहिलं. हसली नाही. मग विचारलं, "आज कशी काय आलीस? पश्चात्ताप झाला म्हणून?"

"मुलीला बाळ झालंय. जायला हवं. गोळ्या आहेत, दुसरं कुणी नाही." खोटं बोलायची ताकदच तिच्यात उरली नव्हती.

"वा!" बेलकिस म्हणाली. उठली, हात धुतले, त्याच ऑलिव्हच्या साबणानं, आणि ओला हात पुढे केला. "किल्ली दे. गोळ्यांच्या वेळा लिहून ठेव. त्याचं सगळं करीन. तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही."

अंकाराला मुअल्लानं बारा दिवस नातवाला न्हाऊ घातलं, तेल लावलं, खांद्यावर घेऊन फिरवलं. शुकरान हानम प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून कोपऱ्यात बसायची आणि प्रत्येक हालचाल बघायची. "अगं, पाणी गरम आहे का फार?" "डोकं धर हं." मुअल्लानं पहिले तीन दिवस तिच्याकडे पाठ करून बाळाला धरलं. चौथ्या दिवशी आरशात शुकरानचा चेहरा दिसला. ओठ आवळलेले, नजर बाळाच्या पाठीला खिळलेली. तो चेहरा मुअल्लानं आयुष्यभर आतून ओळखला होता, बाहेरून पहिल्यांदाच पाहिला. तो तिला आवडला नाही. तिनं बाळ नेऊन शुकरानच्या धड हातात दिलं.

"पाच मिनिटं हं," ती म्हणाली.

बेलकिसनं शब्द पाळला. फोन उचलला नाही, निरोप लिहिला नाही. पण रोज दोन फोटो यायचे, एक चाटून पुसलेल्या वाटीचा, एक वाळूतल्या ओल्या गोळ्याचा. मुअल्ला ते मोठे करून करून बघायची.

"हा काय फोटो आहे?" शुकराननं एकदा डोकावून विचारलं.

"माझ्या मांजराची लघवी," मुअल्ला अभिमानानं म्हणाली.

ती परतली तेव्हा घरात बेलकिस होती. पडद्याची शिवण उसवलेली, खिडकीत ऊन. मुअल्लाच्याच सोफ्यावर लेब्लेबी बेलकिसला टेकून उताणा पसरला होता. बेलकिसनं त्याला अलगद बाजूला केलं, किल्ली टेबलावर ठेवली आणि मुअल्लाच्या अंगावरून काही न बोलता खाली उतरली. लेब्लेबी उठला, मुअल्लाची बॅग हुंगली, तिच्या पायाला एकदा डोकं घासलं आणि दारापाशी जाऊन बसला. ओरडला. मुअल्ला कोट अंगात तसाच ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. तिला रडू आलं, आणि रागही तितकाच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दुकान उघडलं आणि दाराला विटेचा तुकडा लावून दार उघडंच ठेवलं. तो उंबऱ्यावर जरा थांबला, मग शेपटी ताठ करून रस्ता ओलांडून गेला. मुअल्लानं टाचण्या तोंडात धरल्या आणि त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन बोटं आखूड केला.

गल्लीला सगळं कळायला दुपारही लागली नाही. भाजीवाल्याची बायको दोन महिने तिच्याकडे बघेना. रुस्तेम चहा ठेवताना विचारायचा, "ताई, आपला स्वर्गवासी कसा आहे?" हे तिला ऐकून घ्यावं लागलं, आणि तिनं घेतलं. बेलकिस शब्दाची पक्की. लेब्लेबी दुपारी तिच्याकडे, संध्याकाळी गोळीच्या वेळेला परत. वाटीत काय घालायचं याची डॉक्टरची यादी मुअल्लानं तिच्या दाराखालून सरकवली होती. ती पाळली जात होती, हे वाळू बघून कळायचं.

एप्रिल संपता संपता, जांभळी फुलं भिंतींवर लोंबायला लागली होती तेव्हा, सज्ज्यावरून आवाज आला.

"वजन वाढलंय त्याचं. काय चारतेस गं चोरून?"

मुअल्लाच्या हातातली कात्री थांबली. ती दारात आली. "मी? मी चारते? मी चमचा मोजून घालते! तुझ्याकडून येतो तो मिशा चाटत!"

"माझ्या घरात यादीबाहेर काही नाही. येऊन बघ."

"येते! आत्ता येते!"

ती गेली. बेलकिसचं फडताळ उघडून डबे तपासले. काही सापडलं नाही. तोवर चहा उकळला होता, म्हणून बसली. दोघींच्या मध्ये लेब्लेबी बेलकिसच्या मांडीवर उताणा पडला, आणि मुअल्ला त्या पोटाकडे न बघता चहा पीत राहिली.

तिचा हेवा गेला नाही. इतक्या वर्षांची सोबत, जाणार कशी? लेब्लेबी दोन मिनिटं उशिरा आला की ती अजून दारात येते. पण पुढच्या लशीला दोघी मिळून त्याला घेऊन गेल्या. टोपली मुअल्लाच्या हातात, शाल बेलकिसच्या. बेर्रिन हानमनी नवं कार्ड काढलं, मालकाच्या रकान्यात मुअल्लाचं नाव लिहिलं आणि पेन थांबवलं.

"यांचंही लिहू का? तुम्ही गावाला असलात तर?"

मुअल्लानं टोपलीच्या जाळीतून आत पाहिलं, मग बेलकिसकडे पाहिलं.

"लिहा," ती म्हणाली. "पण खाली लिहा."